ताईची शीळ

जमिनी मोजण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतरही ज्यांना आप्तेष्ट व शेजारीपाजारी मोजणीदार याच नावाने ओळखत, त्या वृद्ध गृहस्थांनी रिळांचा नवा टेपरेकॉर्डर घरी आणला, तेव्हा त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया अगदी तोंडावर आली होती.

पत्नी शाळेत भूगोल शिकवीत. त्यामुळे घरीदारी त्यांना बाई म्हणत. बाईंचा डावा कान बालपणीच्या तापातच गेला होता. उरलेल्या उजव्या कानाच्या नसेवर आता गाठ आली होती. डॉक्टरांनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितले होते, की गाठ काढावी लागेल, आणि गाठीबरोबर श्रवणही जाईल. "आज जेवढं ऐकू येतंय तेवढं तोवर टिकेलच असंही नाही," ते म्हणाले होते, "तेव्हा जे ऐकायचं असेल ते ऐकून घ्या."

बाईंनी थोडा विचार करून विचारले, "म्हणजे मी बोलू शकेन, पण समोरच्याचं उत्तर मला कळणार नाही?"

"दुर्दैवाने, हो."

"मग काय, जन्मभर वर्गात तेच केलं."

डॉक्टर हसले. मोजणीदारांना मात्र हसू आले नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी पत्नीला विचारले, "काय ऐकायचं आहे तुला?"

"ताईचं शेवटचं रीळ," बाई म्हणाल्या.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. तिने लग्न केले नव्हते. टेलिफोन केंद्रात अनोळखी माणसांची नाती जोडून देण्यात तिची नोकरी सरली, आणि अखेरची काही वर्षे ती धाकटीच्या घरी, पुढच्या खोलीत राहिली. तिच्या समोरच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून स आणि श हे वर्ण बाहेर पडताना त्यांच्यामागे एक बारीक, गोड शीळ उमटे. धाकटीला ती ससुली म्हणे, आणि त्या एका हाकेत ती शीळ दोनदा वाजे. नोकरीमुळे तिला माणसांचे आवाज जपण्याची हौस लागली होती. म्हणून मोजणीदारांच्या जुन्या टेपरेकॉर्डरपुढे बसून ती दुपारी मनाला येईल ते बोलत राही. आजार बळावला तेव्हाही तिने एक रीळ भरले आणि त्याच्या डबीवर बोटाने टिचकी मारून म्हणाली, "हे ससुलीसाठी. मी गेल्यावर."

ती गेली. बाईंना ते रीळ लावण्याचे धैर्य झाले नाही. मोजणीदार म्हणाले होते, "चांगल्या यंत्रावर ऐकू." त्या एका वाक्याच्या आडोशाला दोघेही वर्षानुवर्षे निवांत बसून राहिले.

आता आडोसा उरला नव्हता. जुना टेपरेकॉर्डर काढून पाहिला, तो त्याचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झालेला. ते यंत्र घेऊन मोजणीदार दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका होता.

"पट्टा बदलून देतो, काका. परवा घेऊन जा."

"परवा चालू होईल?"

"गाणं म्हणेल."

इथे मोजणीदारांच्या अंगातली जुनी सवय जागी झाली. ज्या कामाची पुन्हा मोजणी होणार नाही ते काम सर्वोत्तम उपकरणानेच करावे, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. पत्नीचे हे अखेरचे ऐकणे. ते पट्टा बदललेल्या, घरघरणाऱ्या, एका मोटारीच्या यंत्रावर व्हावे, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

"पट्टा नको," ते म्हणाले. "तुमच्याकडे आहे त्यातलं सर्वांत चांगलं दाखवा."

मग निवड सुरू झाली. पहिले यंत्र भव्य होते, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतून आलेले, तीन मोटारींचे. पण ताईची फीत दोन्ही अंगांनी, पाव-पाव रुंदीच्या पट्ट्यांत भरलेली होती आणि त्या यंत्राचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज लिहिणारा-वाचणारा भाग, फितीच्या अर्ध्या रुंदीइतके ऐसपैस. ते पलीकडच्या बाजूचेही उचलू लागले. ताई एकाच वेळी पुढेही बोलू लागली आणि उलटीही. दुकानदाराने कानांवर हात ठेवले. "काका, मावशी भांडतायत स्वतःशी!" दुसरे यंत्र फीत इतकी ओढून धरी की जुन्या फितीची भुकटी समोरच्या काचेवर उडे. तिसरे सर्व बाजूंनी पसंत पडले, परंतु त्याचे हेड झिजलेले निघाले. नवे हेड परगावाहून मागवावे लागले. ते येईपर्यंत एक ऋतू सरला. बाई अधूनमधून विचारत, "आलं का हो?" मोजणीदार म्हणत, "येईल. एकदाच ऐकायचंय, नीट ऐकू." आणि बाई मान हलवून उजवा कान उशीत खुपसून पडून राहत, जणू तो झाकून ठेवला तर कमी खर्च होईल.

हेड आले. दुकानदाराने प्रमाण म्हणून ठेवलेली फीत लावून, काटा पाहत पाहत, ते हेड फितीशी काटकोनात बसवले. मोजणीदार शेजारी उभे राहून काट्यावर नजर ठेवून होते. केसाचाही फरक उरला नाही, तेव्हा ते प्रसन्न झाले. ते पुन्हा हलू नये म्हणून दुकानदाराने हेडच्या स्क्रूवर लाखेचा थेंब टाकला. जुने यंत्र त्यांनी तिथेच सोडले. सुट्या भागांना त्याचा उपयोग होईल म्हणून दुकानदाराने ते ठेवून घेतले.

घरी त्यांनी यंत्र बाईंच्या उजव्या हाताला मांडले. शेवटचे रीळ एकदम लावायला दोघांचेही मन घेईना. म्हणून आधी मधले एक लावले. ताईचा आवाज खोलीत आला. मोजणीदारांचे डोळे भरून आले. त्यांना तो आवाज अतिशय स्वच्छ, भरदार आणि घरघरीवाचून आलेला वाटला.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारले.

बाईंनी उजवा कान यंत्राच्या आणखी जवळ नेला. मग म्हणाल्या, "छान आहे."

"मग शेवटचं लावू?"

"नको. आज नको."

दुसऱ्या दिवशीही त्या नको म्हणाल्या, तिसऱ्या दिवशीही. त्यांनी बोलणे कमी केले. कोणी हाक मारली तर वळून पाहीनाशा झाल्या. एका दुपारी मोजणीदारांनी फार आग्रह धरला, तेव्हा त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "कशाला लावता? ताई गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी येते. शीळच येत नाही. यंत्र चांगलंच आहे हो तुमचं. माझाच कान गेलाय. डॉक्टर म्हणाले होते ना, टिकेलच असं नाही."

मोजणीदारांनी पुन्हा रीळ लावले, कान पुढे करून ऐकले. त्यांना पहिल्यासारखेच ऐकू आले. शीळ त्यांना ऐकू आली नाही. पण ती त्यांना कधीपासून येत नव्हती हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. वयाने त्यांच्या कानांतून बारीक आवाज केव्हाच गोळा करून नेले होते. बाईंचा कान गेला असेल तर तो आपण यंत्र शोधत फिरत होतो त्या काळात गेला, हे त्यांना लख्ख कळले. पट्टा बदलला असता तर परवाच ऐकता आले असते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी लेक आली. आईची पिशवी भरायची, सकाळी तिला दवाखान्यात न्यायचे, हे तिचे काम. घरातली शांतता पाहून ती दारातच थबकली.

"बाबा, असं काय स्मशानात बसल्यासारखं बसलाय? ते यंत्र का बंद?"

"आईला ऐकू येत नाही."

"कालच फोनवर बोलली की माझ्याशी! मीठ जास्त झालं म्हणून तुमची तक्रार करत होती." लेकीने पिशवी खाली टाकली आणि सरळ कळ दाबली. मधले रीळ अजून लावलेलेच होते. ताई बोलू लागली. लेक क्षणभर ऐकत राहिली, मग तिच्या कपाळावर आठी आली.

"मावशीची शीळ कुठे गेली?"

बाईंनी मान वळवली. मोजणीदार उठून उभे राहिले.

"काय म्हणालीस?"

"शीळ हो! लहानपणी मी तिची नक्कल करायचे म्हणून मार नाही का खाल्ला? सगळे स कापसात गुंडाळून आणलेत. हा आवाजच असा आहे."

"तुलाही?" बाईंचा आवाज कापत होता. "तुलाही येत नाही ऐकू?"

"मला नाही, तुला नाही, कुणालाच नाही येणार. यात नाहीचे ती. दुसरं लावा बघू. सगळ्यांत पहिलं कुठलं?"

पहिले रीळ डबीतून निघाले. ते ताई या घरी आली त्याच दिवशीचे. आधी मोजणीदारांचाच आवाज, एक दोन एक दोन, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग ताई. "सुरू झालं का? ससुली, साहेबांना सांग, मला भीती वाटते हं या भोकात बोलायची."

बाईंनी छातीवर हात ठेवला. "आली," त्या म्हणाल्या. "अहो, आली! सस्... दोन्ही वेळा आली." आणि मग इतके दिवस न रडलेल्या बाई यंत्रावर डोके टेकून रडू लागल्या.

म्हणजे कान शाबूत होता. यंत्रही शाबूत होते. पहिल्या रिळात शीळ होती, मधल्यात नव्हती. मोजणीदारांनी दुसरे रीळ लावले. त्याच्या आरंभीच, गोधडीतून आल्यासारखा, ताईचा आवाज आला. "मोजणीसाहेब, झटकताना तुमचं यंत्र हातून खाली पडलं. आता रडू नका. चालतंय बघा, बोलतेय मी." पाठोपाठ त्यांचा स्वतःचा, तरुण आणि रागावलेला आवाज. "चालतंय ना? मग आता कुणी हात लावू नका त्याला."

मोजणीदार खुर्चीत बसले. पडलेल्या यंत्राचे हेड कलले होते. त्यानंतर ताई जे जे बोलली ते सारे त्या कललेल्या हेडने लिहिले, आणि तेच कललेले हेड ते वाचत राहिले. म्हणून कोणाला कधी काही उणे वाटले नाही. आता वाचणारे हेड त्यांनी काटकोनात आणून बसवले होते, आणि लिहिण्या-वाचण्याचा कल जुळला नाही की आधी बारीक आवाजच हरवतात. नोकरीत हाताखालच्या प्रत्येक माणसाला त्यांनी स्वतः बजावले होते, की कललेल्या सुईच्या होकायंत्राने गावाची अर्धी मोजणी झाली असेल तर उरलेली त्याच सुईने पुरी करा. मध्येच सुई सरळ केलीत तर बांधाला बांध लागणार नाही. हजार शेतांत जे त्यांनी पाळले ते स्वतःच्या घरात त्यांना आठवले नाही.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. दुकानाची सुट्टी होती. तो परगावी सापडला.

"जुनं यंत्र? काका, त्याचं हेड तर काढून दिलं मी एका गिऱ्हाइकाला. का, काय झालं?"

मोजणीदारांनी सांगितले.

"अरे देवा. माझ्याही लक्षात नाही आलं. बरं, ऐका. लाखेचा थेंब टाकलाय ना मी, तो स्क्रू. लाख फोडायची आणि रीळ चालू ठेवून अगदी नखभर फिरवायचा. कुठल्या बाजूला ते मी इथून नाही सांगू शकत, ऐकूनच कळतं. मी आलो असतो हो, पण मी आत्ता गावात नाहीये, उद्या संध्याकाळी पोचतो. तुमचे कान कसे आहेत?"

मोजणीदारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि काका, फीत भुकटी सोडतेय. पुन्हा पुन्हा फिरवू नका एकच जागा. आवाजच निघून येईल भुकटीबरोबर."

उद्या संध्याकाळी या घरात शीळ ऐकणारा कान उरणार नव्हता.

लाख फोडायला सुईचे टोक लागले. लेक म्हणाली, "मी ऐकते, बाबा, तुम्ही फिरवा." बाईंनी डोळे पुसले. "तू मागे उभी राहा. मी सांगते. माझ्यासाठी आहे ना ते?" आणि त्यांनी खुर्ची ओढून उजवा कान पुढे केला.

"पण कुठल्या रिळावर?" मोजणीदारांनी विचारले. शेवटच्या रिळावर चाचपडत बसावे तर त्याचीच भुकटी होणार. तेव्हा एखादे रीळ खर्ची घालावे लागणार, हे तिघांच्याही ध्यानात एकदमच आले. डब्या टेबलावर मांडलेल्या होत्या. एकीत ताई लहानपणीच्या घराविषयी बोलली होती, एकीत लेकीला गोष्टी सांगितल्या होत्या. बाईंचा हात प्रत्येक डबीवरून फिरला आणि कुठेच थांबेना.

"ते घ्या," मोजणीदार म्हणाले. "ज्यात ती मला नावं ठेवते ते."

"ते तर तुमचं आवडतं!"

"म्हणूनच."

रीळ फिरू लागले. मोजणीदारांनी स्क्रू नखभर उजवीकडे वळवला. बाईंनी मान हलवली, नाही. आणखी नखभर. नाही, आवाज आणखीच खोल गेला. त्यांनी फीत मागे घेतली, डावीकडे वळवला. हेडवर तपकिरी भुकटी साचली होती. ती कापसाने पुसली. त्यांचा हात, ज्याने उन्हात तासन्‌तास मोजणीच्या दुर्बिणीचे स्क्रू स्थिर धरले होते, तो आता या एका स्क्रूवर चाचपडत होता. त्यांना स्वतःला काहीच फरक कळत नव्हता. ते यंत्राकडे पाहत नव्हते. पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तोच आता त्यांचा काटा होता.

"जरा... थांबा. नाही, गेली. परत. अहो, इतकं नाही!"

"किती मग?"

"मला काय ठाऊक? तुम्ही मोजणीदार!"

पुन्हा मागे, पुन्हा कापूस. त्या जागी ताई "साहेबांचं सगळं सरळ, फक्त भांग वाकडा" असे म्हणत होती, आणि दर वेळी ती थोडी अधिक पुसट होत होती. लेकीने हलकेच म्हटले, "बाबा, विरतंय ते." मोजणीदारांनी ओठ आवळले, श्वास रोखला आणि स्क्रूला स्पर्श केला न केला इतकाच ढकलला.

बाईंचा हात वर झाला.

"हलू नका," त्या कुजबुजल्या. "कुणी हलू नका."

"आली?"

"आली," मागून लेक म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. "सगळ्या सकारांवर बसलीये."

मोजणीदारांनी हात काढून घेतला. हेड डोळ्यांना दिसेल इतके कललेले होते. आयुष्यभरात त्यांनी जाणूनबुजून वाकडी केलेली ती पहिली वस्तू.

शेवटचे रीळ त्यांनी लावले तेव्हा उन्हे उतरली होती. लेकीने खिडकी लावली. फीत सुरू झाली. आधी नुसता श्वास, आजारी माणसाचा, मोठा. आणि मग ताई.

"ससुली. मी उजवीकडेच बसलेय हं."

बाईंनी तोंडावर पदर घेतला. लहानपणापासून ताई नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसे, उजव्या हाताला चाले. वर्गात, वाटेवर, पाहुण्यांत. डावीकडून कोणी काही बोलले तर तेच पुन्हा उजवीकडून सांगे, आणि धाकटीला ऐकू येत नाही हे कित्येकांना तिने कळूच दिले नाही. रिळात ताईने फारसे काही सांगितले नाही. शाल कोणाला द्यायची ते सांगितले. साहेबांवर ओरडू नकोस, त्यांना ऐकू येत नाही पण कबूल करत नाहीत, असे म्हणाली. तेव्हा बाई हसल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिले; नवरा काय ते समजला. केंद्रात रात्रपाळीला कोण कोण रडत फोन करी त्याची एक हकीकत सांगितली. मध्ये मध्ये ससुली, ससुली, अशी हाक येई आणि बाईंची बोटे खुर्चीच्या हातावर किंचित उचलली जात.

अर्ध्याच्या पुढे फीत कुरकुरू लागली. भुकटी थराथराने हेडवर बसत होती. थांबवून पुसावे, तर ताई वाक्याच्या मध्यावर होती. मोजणीदारांनी कापूस हातात धरून पत्नीकडे पाहिले. बाईंनी डोळ्यांनीच नको म्हटले. आवाज हळूहळू पुन्हा गोधडीत शिरू लागला. शीळ विरळ झाली, मग गेली. अखेरची वाक्ये शिळेवाचून आली. शेवटी काय म्हणाली ते कळले, पण ते कोणाच्याही तोंडचे असावे असे आले. मग फितीचे टोक सुटले आणि भरलेल्या रिळावर फट फट वाजत राहिले. ते बंद करायचे कोणालाच सुचले नाही.

"पुसून पुन्हा लावू?" मोजणीदारांनी विचारले.

"त्यात आता काही उरलंय का?"

त्यांनी फितीचे टोक उजेडात धरले. ते पारदर्शक दिसत होते.

"नाही," ते म्हणाले.

सकाळी ते दवाखान्यात गेले.

काही दिवसांनी बाई घरी परतल्या तेव्हा त्यांच्या डोक्याला पट्टी होती आणि गळ्यात, दोरीला बांधून, लेकीने दिलेली पाटी. संध्याकाळी दुकानदार आला. अपराध्यासारखा दारात उभा राहून म्हणाला, "काका, हेड पुन्हा सरळ करून देऊ का? नवी रिळं वाजवायला लागेलच."

मोजणीदार यंत्राच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "हात लावू नका त्याला," ते म्हणाले.

दुकानदार गेल्यावर बाईंनी खूण करून ते खर्ची घातलेले रीळ लावायला सांगितले. रीळ फिरू लागले. खोलीत ताई मोजणीदारांना नावे ठेवत होती. मोजणीदारांना तिचे शब्द ऐकू येत होते, शीळ येत नव्हती. बाईंना काहीच येत नव्हते. बाईंनी पाटीवर लिहिले, 'शीळ आहे ना?'

लेक आपल्या घरी गेली होती. विचारायला कोणी नव्हते. मोजणीदारांनी हेडवर बोट फिरवले. बोटाला तपकिरी भुकटी लागली. ती त्यांनी सदऱ्याला पुसली, खडू घेतला, आणि बाईंच्या उजव्या हाताला बसून, त्यांच्या अक्षराखाली लिहिले, 'आहे.'